गॅरेजचं टपाल : क्लच आणि फ्लायव्हील ओळखायचे कसे?

या वेळच्या पत्रांत क्लचचेच प्रश्न जास्त आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे : गाडीचं नाव सांगून पार्ट आणला, तो बसला नाही. नवख्यांसाठी एवढंच : फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकला (फिरत्या मुख्य दांड्याला) जोडलेलं जड चाक. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला त्यावर दाबून धरते आणि क्लच प्लेट फिरली की तिच्यातून जाणारा क्लच शाफ्ट गिअरबॉक्स फिरवतो. आरसी बुकात इंजिन नंबर असतो. गिअरबॉक्स कुठला, फ्लायव्हील कुठलं, शाफ्ट कोणी बदलला, हे त्यात नसतं. त्यामुळे खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात आधी मोजमाप आहे आणि दुकान नंतर. त्यासाठी १५० मिलिमीटरचा व्हर्निअर, ३०० मिलिमीटरची पोलादी पट्टी, दोन गुण्या, खडू आणि जाड पुठ्ठा एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं.

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी १९७८ ची आहे. मागच्या मालकाने स्टीअरिंगवरचा गिअर काढून खाली मजल्यावर घेतला. कुर्ल्याहून ‘फियाटची क्लच प्लेट’ म्हणून आणलेली प्लेट फ्लायव्हीलवर बरोबर बसते, पण शाफ्टवर जातच नाही. दुकानदाराने चुकीची दिली का?
— वाचक, विलेपार्ले

दुकानदाराने बहुधा बरोबरच दिली. तुमची गाडीच आता पूर्ण फियाट राहिलेली नाही. पद्मिनीला मूळ गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असतो. तो खाली आणताना अनेकदा अख्खा गिअरबॉक्सच दुसऱ्या गाडीचा लावला जातो आणि त्यासोबत त्याचा क्लच शाफ्टही येतो. इंजिनाकडची बाजू, म्हणजे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट, मात्र जुनीच राहते. अशा गाडीला लागणारी प्लेट कुठल्याच कंपनीच्या डब्यात मिळत नाही. तिचा परीघ एका गाडीचा असतो आणि मधला, शाफ्टवर चढणारा हब दुसऱ्या गाडीचा.

प्लेटची पाच मापं घ्या. पहिलं, बाहेरचा व्यास. छोटा व्हर्निअर एवढा उघडत नाही, म्हणून प्लेट सपाट टेबलावर ठेवा, दोन बाजूंनी गुण्या उभ्या टेकवा आणि मधलं अंतर पट्टीने मोजा. विलायती आणि अमेरिकन गाड्यांच्या प्लेटा इंचात बनत, युरोपातल्या मिलिमीटरमध्ये. आठ इंच म्हणजे २०३.२ मिलिमीटर, आणि दुसरी प्लेट सरळ २०० ची. डोळ्याला हा फरक कळत नाही. दुकानात प्लेटीवर प्लेट ठेवून ‘सेम टू सेम’ म्हणतात, तेव्हा नेमकी हीच गल्लत होते. दुसरं माप लायनिंगच्या, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराच्या, आतल्या गोलाचा व्यास. तो लहान निघाला तर लायनिंगची आतली कड फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना घासू शकते.

तिसरं माप स्प्लाइनचं, म्हणजे शाफ्टवरच्या लांबट दात्यांचं, आणि तुमचं घोडं इथेच अडलं आहे. आधी खडूने एका दात्यावर खूण करून दाते मोजा. नंतर शाफ्टचा बाहेरचा व्यास, म्हणजे एका दात्याच्या माथ्यापासून समोरच्या दात्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर. दाते विषम असतील तर एका दात्यासमोर खाच येते आणि व्हर्निअर कमी माप दाखवतो. तेव्हा शाफ्टवर जाणारी कुठलीही जुनी प्लेट मिळवून तिच्या हबवरून ओळख पटवणं सोपं. नुसती संख्या जुळून भागत नाही : दहा दात्यांचा शाफ्ट एक इंचाचाही असतो आणि सव्वा इंचाच्या एक सूत (इंचाचा आठवा भाग) आतला, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचाही.

चौथं, जाडी. बऱ्याच जुन्या गाड्यांत नवी प्लेट मोकळी असताना आठ-नऊ मिलिमीटर भरते आणि दाबल्यावर साधारण एक मिलिमीटर कमी होते. दोन्ही बाजूंच्या लायनिंगमध्ये नागमोडी पत्र्याच्या पाकळ्या असतात, त्यांच्यामुळे. पाचवं, हब कुठल्या बाजूला किती बाहेर आलेला आहे. प्लेट टेबलावर ठेवून पट्टीने दोन्ही बाजूंची उंची घ्या. स्प्रिंगांचा फुगवटा सहसा गिअरबॉक्सकडे येतो. प्लेटवर ‘फ्लायव्हील साइड’ असा छाप असेल तर तोच प्रमाण माना. उलटी बसवली की हब फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकतो, क्लच सुटत नाही, आणि लोक आठवडाभर हायड्रॉलिकची हवा काढत बसतात.

आता उपाय. फियाटच्या फ्लायव्हीलला बसणारी ही प्लेट आणि तुमच्या शाफ्टवर जाणारी दुसरी, अशा दोन प्लेटा घेऊन क्लच रिलायनिंगवाल्याकडे जा. तो हबचे मोठे रिव्हेट काढून दुसरा हब पहिल्या चकतीत बसवून देतो, पण हबच्या फ्लँजची भोकं आणि स्प्रिंगांच्या खिडक्या जुळत असतील तरच. भोकं जुळवण्यासाठी लांबट करून दिलेला हब घेऊ नका. तो दर झटक्याला हलतो आणि रिव्हेट कापून टाकतो. तयार प्लेट शाफ्टवर चढवून फिरवा आणि कडेला डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारं घड्याळी माप) लावा. डोलणं अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवं.

शाफ्टचं पुढचं टोक आणि क्रँकमधला पायलट बुश (ते टोक पेलणारी कडी) यांचा मेळही याच वेळी पाहा. गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत तो बुश क्वचितच कोणी बदलतो. टोक बुशमध्ये हातसैल बसलं पाहिजे, खडखडता कामा नये. नवा ब्राँझचा सच्छिद्र बुश आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

प्रश्न : फ्लायव्हीलवर निळे डाग आणि खाचा आहेत. लालबागचा लेथवाला म्हणतो, ‘एक सूत मारतो, आरशासारखं होईल.’ मारू द्यावं का?
— वाचक, परळ

नको. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. चांगल्या फ्लायव्हीलचा चेहरा ०.३ ते ०.५ मिलिमीटरमध्ये साफ होतो. तेवढ्यात साफ होत नसेल तर दुसरं फ्लायव्हील शोधा.

किती कापायचं याहून कुठे कापायचं हा प्रश्न मोठा आहे. फ्लायव्हील दोन तऱ्हेची असतात. सपाट फ्लायव्हीलमध्ये प्लेट घासते तो चेहरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात ती कड एकाच पातळीत असते. पायरीच्या फ्लायव्हीलमध्ये हा चेहरा कडेपेक्षा खोल, किंवा क्वचित वर असतो. तुमचं कुठलं हे पाहायला कडेवर पोलादी पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्निअरच्या मागच्या दांडीने खोली मोजा, चार जागी. चारही आकडे ०.०५ मिलिमीटरच्या आत जुळायला हवेत. हा आकडा कागदावर लिहून लेथवाल्याच्या हातात द्या.

पायरीच्या फ्लायव्हीलवर नुसता आतला चेहरा अर्धा मिलिमीटर कापला तर प्रेशर प्लेटला कव्हरपासून अर्धा मिलिमीटर जास्त पुढे जावं लागतं. कव्हरच्या दृष्टीने ही नवी प्लेट आधीच झिजलेली आहे. कॉइल स्प्रिंगा तेवढ्या कमी दाबल्या जातात, पकड घटते, फिंगर (क्लच सोडवणारे लिव्हर) रिलीज बेअरिंगकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे, सरकतात आणि पेडलची मोकळी चाल खाल्ली जाते. नवा क्लच टाकूनही घाट चढताना तो स्लिप होतो तो यामुळे. म्हणून चेहऱ्यावरून जेवढं काढलं, अगदी तेवढंच कडेवरूनही काढायचं, आणि कडेतल्या डॉवेल पिना (कव्हर जागेवर धरणाऱ्या खुंट्या) आधी काढून नंतर परत बसवायच्या. सपाट फ्लायव्हीलला हा त्रास नाही. पूर्ण चेहरा एकदम कापायचा आणि क्लच बेअरिंगपासून जो किंचित लांब गेला तो फरक ॲडजस्टमेंटमध्ये काढायचा.

निळ्या डागांचं असं आहे : तिथे क्लच घसरून धातू तापला आणि झटकन थंड झाला, त्यामुळे ती जागा आजूबाजूपेक्षा कडक झाली. लेथचं टूल त्या जागेवरून उडी मारतं आणि डाग टेकडीसारखा उरतो. गाडी झटके देत सुटते त्याला हे एक कारण. त्यामुळे लेथ टाळा, सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. बारीक उष्णतेच्या रेषा ग्राइंडिंगमध्ये गेल्या तर ठीक. एखादी भेग बोल्टच्या भोकापर्यंत किंवा क्रँकच्या फ्लँजकडे जात असेल, तर ते फ्लायव्हील भंगारात. डाय पेनिट्रंटचा (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाचा) स्प्रे मारून ही तपासणी कोणतंही चांगलं मशीन शॉप करून देतं.

क्रँकवर बसवल्यावर चेहऱ्याला डायल गेज लावून फ्लायव्हील एक फेरा फिरवा. फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर ग्राइंडिंगवाल्याला बोल लावण्याआधी फ्लँज पुसा. पुष्कळदा गंजाची एखादी खपली मध्ये अडकलेली असते.

मुंबईच्या बाजारातल्या पद्मिनीच्या फ्लायव्हीलबद्दल एक सावधगिरी. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून बंद झाली आणि बाजारात फिरणारा पुष्कळसा माल टॅक्सीतून निघालेला आहे. टॅक्सीचं फ्लायव्हील आयुष्यात अनेकदा लेथवर चढलेलं असू शकतं. घेताना पायरी मोजा आणि जाडी तुमच्या जुन्याशी ताडून बघा.

प्रश्न : माझ्याकडे जुनी पेट्रोल जीप आहे, सीजे-३बी. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्ट केली. आता स्टार्टर कधी कर्र करतो, कधी नुसताच फिरतो. मेकॅनिक म्हणतो फ्लायव्हील बदला. कुठलं मागू?
— वाचक, वसई

आधी दाते मोजा. विलीज या जीपच्या मूळ अमेरिकन कंपनीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांवर तीन तऱ्हेचे रिंग गिअर (फ्लायव्हीलच्या कडेची दातेरी कडी) आले : युद्धकाळातल्या एमबी जीपवर ९७ दात्यांचा, नंतर सहा व्होल्टच्या गाड्यांवर १२४ दात्यांचा आणि बारा व्होल्टवर १२९ दात्यांचा. प्रत्येकाचा स्टार्टर पिनिअन (रिंगला फिरवणारं स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) वेगळा. तुमच्या गाडीत बहुधा १२४ चा रिंग आणि १२९ साठी बनलेला स्टार्टर असं लग्न लागलं आहे. किंवा जुना सहा व्होल्टचाच स्टार्टर बारावर चालतो आहे. तो फिरतो खरा, पण इतक्या जोरात की पिनिअन दात्यांवर आदळतो आणि काही महिन्यांत दात्यांच्या कडा खातो.

बेल हाउसिंगच्या (फ्लायव्हील आणि क्लच यांच्याभोवतीच्या ओतीव कवचाच्या) खिडकीतून दाते मोजता येतात. एका दात्याला खडू लावा, प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल, आणि दोघांनी वेगवेगळं मोजा. मोजणीत एक-दोन दाते हमखास चुकतात.

फ्लायव्हील बाहेर असेल तर आणखी एक हिशेब करा. रिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागा. उदाहरणार्थ १२० दाते आणि ३०५ मिलिमीटर व्यास : ३०५ भागिले १२२ म्हणजे २.५, हा त्याचा मॉड्यूल, दात्याच्या आकाराचं माप. तेच १२० दाते इंची दहा पिचचे (व्यासाच्या दर इंचामागे दहा दाते) असतील तर व्यास जवळजवळ ३१० येतो. संख्या तीच, पण पिनिअन एकमेकांना चालत नाहीत. काही रिंगांचे दाते मुद्दाम आखूड ठेवलेले असतात आणि त्यांना हे सूत्र थोडं कमी आकडा देतं. म्हणून आकडा नुसता कागदावर न ठेवता पिनिअन हातात घेऊन रिंगवर फिरवून बघा.

तुमचं काम फ्लायव्हील न बदलता होण्याची शक्यता चांगली आहे, १२४ ला जुळणारा स्टार्टर मिळाला तर. रिंग खराब असेल तर फक्त रिंग बदला. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना दर वेळी जवळपास त्याच दोन जागी थांबतं, म्हणून झीजही समोरासमोर दोनच पट्ट्यांत असते. जुनी रिंग न फोडता निघाली तर ती ९० अंश फिरवून परत बसवली की कोरे दाते पुढे येतात. पदरचा फारसा खर्च नाही, आणि मूळ पोलाद आजच्या बऱ्याच लोकल रिंगांपेक्षा बरं असतं.

रिंग गरम करून बसवायची असते. ३०० मिलिमीटर व्यासाची पोलादी रिंग २०० अंश सेल्सिअसने तापवली की सुमारे ०.७ मिलिमीटर फुगते आणि तेवढ्यात ती सहज उतरते. २०० ते २५० अंशांच्या दरम्यान थांबा. भट्टी नसेल तर साफ घासलेल्या पोलादावर फिकट पिवळसर छटा आली की पुरे. गॅस कटरने लाल केली तर दात्यांचा कडकपणा गेला. आग चारही बाजूंनी फिरती ठेवा आणि फ्लायव्हील थंड असू द्या. रिंग खाली सगळीकडे टेकली ना, हे ती आवळायच्या आत पाहा. पाणी ओतून थंड करू नका. दात्यांची उतरती कड पिनिअन ज्या बाजूने आत येतो त्या बाजूला हवी. काही स्टार्टरमध्ये पिनिअन बाहेर फेकला जातो, काहींमध्ये मोटरकडे ओढला जातो. स्टार्टर हातात घेऊन बघा, अंदाज बांधू नका.

फ्लायव्हील काढण्याआधी क्रँक आणि फ्लायव्हील यांच्यावर पंचने खूण करा. यातल्या अनेक इंजिनांच्या टायमिंगच्या खुणा फ्लायव्हीलवरच कोरलेल्या असतात. एका भोकाने फिरलं तर इग्निशन लावताना डोकं धरून बसावं लागेल.

क्लच प्लेटही त्याच वेळी मोजा : एमबीची ७ ⅞ इंच, सीजेची ८½. आणि या भानगडीत पडण्याआधी इंजिन खरंच मूळ पेट्रोल आहे याची खात्री करा. महिंद्राच्या किती तरी जीपांत नंतर डिझेल बसलं. डिझेलचं फ्लायव्हील आणि हाउसिंग यांचा वरच्या आकड्यांशी काही संबंध नाही.

प्रश्न : १९७१ ची ॲम्बेसेडर मार्क टू. जुन्या प्रेशर प्लेटला तीन लिव्हर होते. नवीन म्हणून दिलेलीला लिव्हरच नाहीत, मधोमध पत्र्याच्या पाकळ्या आहेत. मेकॅनिक म्हणतो जुनंच रिलीज बेअरिंग लावू, चालतं.
— वाचक, ठाणे

चालेल, पण थोडेच दिवस. तुमच्या १४८९ सीसीच्या बी-सिरीज इंजिनाला मूळ आठ इंची, कॉइल स्प्रिंगांची आणि तीन लिव्हरची प्रेशर प्लेट होती. तिन्ही लिव्हरच्या टोकांवर एक गोल सपाट चकती असते आणि तिच्यावर कार्बनचं रिलीज बेअरिंग टेकतं. हे बेअरिंग म्हणजे काळ्या ग्राफाइटची कडी. त्यात गोळ्या नाहीत, ग्रीस नाही, ते फक्त घासतं. सपाट चकतीवर ते वर्षानुवर्षं टिकतं.

तुम्हाला मिळालेली डायफ्रामची आहे, म्हणजे कॉइलऐवजी एकाच पाकळ्यांच्या पत्र्याच्या स्प्रिंगची. पाकळ्यांची टोकं उघडी असतील तर ती कार्बनला कानसीसारखी खातात. उघड्या पाकळ्यांना गोळ्यांचं, फिरतं बेअरिंग लागतं. काही डायफ्राम प्लेटांवर कार्बनसाठी सपाट चकती बसवलेली असते. तशी असेल तरच जुनं बेअरिंग चालवा.

गोळ्यांचं बेअरिंग घ्यायचं ठरलं तर उंची मोजा. फोर्कवर बसणाऱ्या कानांपासून टेकणाऱ्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर जुन्या कार्बनच्या नव्या कडीएवढं पाहिजे, आणि नव्या कव्हरच्या पाकळ्यांची फ्लायव्हीलपासूनची उंचीसुद्धा जुन्या चकतीच्या उंचीशी ताडून बघावी लागते. दोन्हींची बेरीज जुळली नाही तर फोर्क आधीच एका टोकाला जाऊन बसतो. मग पेडल तळाला लागलं तरी क्लच सुटत नाही आणि रिव्हर्स गिअर टाकताना दाते ओरडतात.

आमचं मत विचाराल तर या गाडीला तीन लिव्हरचीच घ्या. जुनी असली तरी रिकंडिशन होते. ती उघडून स्प्रिंगा बघा. बोर्ग अँड बेकच्या स्प्रिंगांवर रंगाचे ठिपके असतात आणि ते ताकदीप्रमाणे ठरलेले असतात. एखादी स्प्रिंग निळी पडली असेल किंवा उंचीला कमी भरली तर सगळा संच एकाच रंगाचा बदला. स्प्रिंगा मोकळ्या करताना कव्हर प्रेसमध्ये दाबूनच उघडा, नुसते नट काढाल तर ते तोंडावर उडेल. जोडल्यावर तिन्ही लिव्हरची उंची समान करणं हे खरं कौशल्य. अर्धा मिलिमीटर फरक राहिला तरी प्लेट तिरकी सुटते आणि गाडी उचलताना थरथरते.

प्रश्न : स्टँडर्ड हेराल्डच्या प्रेशर प्लेटचे बोल्ट हरवले. ८ मिलिमीटरचे लावू का? जाडी तीच दिसते.
— वाचक, डोंबिवली

लावू नका. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, तुमचा ८ चा, आणि आटेही वेगळे. दर इंचाला आटे मोजले तर यूएनएफ, बीएसएफ आणि यूएनसी या इंची मानकांत अनुक्रमे २४, २२ आणि १८, आणि साध्या ८ मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण २०. दोन-तीन फेरे जातो, मग अडतो, आणि पान्याचा जोर लावला की फ्लायव्हीलमधले आटे सोलले जातात. थ्रेड गेज शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतं, ते आणा आणि भोकात एक चांगला जुना बोल्ट घालून ताडून बघा. डॉवेल नसलेल्या फ्लायव्हीलवर काही बोल्ट खांदा असलेले असतात, ते कव्हर मधोमध धरतात. त्यांच्या जागी साधे लावायचे नाहीत.

प्रश्न : फोक्सवॅगन बीटलचं इंजिन बाहेर काढलं आहे. १८० ची क्लच प्लेट आणू की २०० ची? फ्लायव्हील मूळचं की बदललेलं, कसं कळेल?
— वाचक, वांद्रे

सहा व्होल्टच्या बीटलचं फ्लायव्हील १०९ दात्यांचं आणि क्लच १८० मिलिमीटरचा. बारा व्होल्टचं १३० दात्यांचं, त्यावर सहसा २०० चा, पण १३० दात्यांवर १८० चा क्लच असलेलीही फ्लायव्हील आहेत. म्हणून दोन्ही मापं घ्या. १३० चं फ्लायव्हील सहा व्होल्टच्या जुन्या बेल हाउसिंगमध्ये घासतं. हाउसिंगच्या आत ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर कोणी तरी बदल केलेला आहे.

फ्लायव्हीलच्या मधल्या भोकात आतून रबरी ओ-रिंगची खाच आहे का पाहा. असेल तर क्रँक आणि फ्लायव्हीलमध्ये गास्केट घालायचं नाही. खाच नसलेलं जुनं फ्लायव्हील गास्केटवर बसतं. खाचेचं असून गास्केटही घातलं की शिमचा (क्रँकची चाल ठरवणाऱ्या पातळ चकत्यांचा) सगळा हिशेब बिघडतो. क्रँकची पुढे-मागे चाल ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर हवी आणि ती नेहमी तीनच शिमांनी लावायची. ओ-रिंग न घालता दोन शिम घालून फ्लायव्हील आवळा, डायल गेजने चाल मोजा, त्यातून ०.१० वजा करा. जे उरलं तेवढ्या जाडीचा तिसरा शिम. फ्लायव्हील क्रँकला धरणारा मधला ग्लँड नट ३६ मिलिमीटरचा असून तो ३० किलोग्रॅम-मीटरला आवळला जातो. त्यासाठी फ्लायव्हील पकडायला रिंगमध्ये अडकणारी पट्टी लागते. स्क्रूड्रायव्हर अडकवाल तर दात तुटेल. पायलट बेअरिंग याच नटाच्या आत असतं, त्यात चिमूटभर ग्रीस.

प्रेशर प्लेट निवडताना गिअरबॉक्सकडे बघा. क्लच शाफ्टभोवती मार्गदर्शक नळी असेल तर मध्ये कडी नसलेली प्लेट घ्या. नळी नसेल, बेअरिंग फोर्कवर दोन क्लिपांनी लटकत असेल, तर कडी असलेली. नळीवाला प्रकार १९७१ च्या मॉडेलपासूनचा. बसवल्यावर पेडलची मोकळी चाल १० ते २० मिलिमीटर ठेवा.

प्रश्न : प्लेट कुठेच मिळत नाही, रिलायनिंग करून घेतली. आता गाडी पहिल्या गिअरमध्ये थरथरत निघते.
— वाचक, गिरगाव

रिलायनिंगवाल्याने बहुधा नागमोडी पाकळ्या ठोकून सपाट केल्या, किंवा दोन्ही लायनिंग आरपार एकाच रिव्हेटने जखडल्या. पाकळ्यांचं काम लायनिंग हळूहळू टेकवण्याचं. प्लेट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी दाबा, किंचित दबली पाहिजे. रिव्हेट एकाआड एक उलटसुलट लागतात आणि त्यांची डोकी लायनिंगच्या पृष्ठाखाली निदान एक मिलिमीटर हवीत. वापरता वापरता ०.३ उरली की प्लेट संपली. रिव्हेट पितळी किंवा तांब्याचे, लोखंडी नकोत.

थरथर आणखी दोन कारणांनी येते : लायनिंगवर तेल, किंवा सैल इंजिन माउंटिंग. माउंटिंग आधी बघा, गिअरबॉक्स परत उतरवण्यापेक्षा ते सोपं.

जुनी लायनिंग ॲस्बेस्टॉसची आहे असं धरूनच चाला. बेल हाउसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधल्या पोऱ्यालाही हे सांगा, हवा मारण्याची सवय त्यालाच जास्त असते.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी चार महिने उभी होती. आता पेडल दाबलं तरी क्लच सुटत नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?
— वाचक, माहीम

आधी उतरवू नका. समुद्राकाठच्या दमट हवेत फ्लायव्हीलचा चेहरा गंजतो आणि लायनिंग त्याला चिकटते. इंजिन न्यूट्रलमध्ये अर्धा तास चालू ठेवून पूर्ण तापू द्या. मग ते बंद करा, मोकळ्या जागी गाडी न्या, समोर माणूस किंवा भिंत नको. टॉप गिअर टाका, हँडब्रेक ओढा, क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि स्टार्टरचा अगदी छोटा झटका द्या. तीन-चार झटक्यांत बहुतेक वेळा सुटतो. स्टार्टर धरून ठेवू नका, नाहीतर वर जीपवाल्यांना सांगितलेली रिंग तुम्हालाही लागेल. सुटल्यावर पहिल्या काही किलोमीटरांत क्लच थोडा ओरडेल, गंज निघेपर्यंत.

झटक्यांनी सुटला नाही, किंवा सुटून सतत स्लिप होतो, तर लायनिंगचा तुकडा फ्लायव्हीलवर राहिला असू शकतो. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवा.

पुढच्या जूनमध्ये गाडी झाकण्याआधी सीट आणि पेडल यांच्यात मापाचा लाकडी ठोकळा अडकवून पेडल दाबलेलं ठेवा आणि स्टीअरिंगला चिठ्ठी बांधा. हायड्रॉलिक क्लच असेल तर आठवड्याने एकदा ठोकळा सैल झाला नाही ना हे बघा, कारण सिलिंडर हळूहळू गळत असेल तर पेडल दाबलेलं दिसतं, पण प्लेट परत टेकलेली असते.